रोमिओ-ज्युलिएटच्या खटल्यात आरोपी नंबर एक कुणाला करायचं?

तुझा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. खानापूरहून बेळगावला कॉलेजला येतेस, बीएला इंग्लिश घेतलंयस, आणि वर्गात रोमिओ-ज्युलिएटवर मॉक कोर्ट घेणारायत, त्यात तू सरकारी वकील. मैत्रिणी म्हणतात फ्रायर लॉरेन्स दोषी, म्हणजे दोघांचं चोरून लग्न लावणारा आणि ज्युलिएटला मेल्यासारखं दिसायचं औषध देणारा साधू, सर म्हणतात दोन्ही घराणी दोषी, रोमिओचं माँटेग्यू आणि ज्युलिएटचं कॅप्युलेट, आणि तुला स्वतःला वाटतंय की सगळा नशिबाचा खेळ, मग आरोपी तरी कुणाला करायचं. बेळगावच्या कोर्टात फौजदारी चालवता चालवता माझे केस पिकले, तेही जास्त करून बचावाच्या बाजूनं, म्हणून मला विचारलंस असं धरून चालतो.

माझं उत्तर आधीच सांगतो: ज्युलिएटच्या मृत्यूत आरोपी नंबर एक फ्रायरच. पण ती जिवंत आहे हे सांगणारी त्याची चिठ्ठी रोमिओला पोचली नाही म्हणून तो दोषी, असं मैत्रिणींसारखं मांडलंस तर समोरचा वकील पहिल्या दहा मिनिटांत तुझी केस पाडतोय. खरं कारण वेगळंय आणि ते नाटकातच लिहिलेलं आहे. तिथपर्यंत येतो, पण आधी नशीब बाजूला करू दे.

आमच्याकडे कुणी अचानक गेलं की स्टेशनला यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचा रिपोर्ट, नोंदवतात, पंचनामा होतो, मग घरच्यांची जबानी. त्या जबानीचं शेवटचं वाक्य ठरलेलं, आमचा कुणावर संशय नाही. आई भिंतीला टेकून बसलेली असते, काका-मामा म्हणतात कर्मात होतं, पीएसआय लिहून घेतो, सही-अंगठा, झालं. अशा जबान्या मी आयुष्यभर वाचत आलोय. बऱ्याच खऱ्या असतात. पण काहींत 'नशिबात होतं' म्हणजे एवढंच असतं की ज्याला माहीत होतं तो घरातच बसलाय आणि तोंड उघडायला तयार नाही. शेक्सपिअर सुरुवातीलाच सांगतो की हे दोघं ग्रहताऱ्यांच्या फेऱ्यात सापडलेले, आणि रोमिओ पण ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबाल्टला मारल्या मारल्या काय म्हणतो तर नशिबानं माझा खेळ केला. अरे तलवार कुणाच्या हातात होती? आरोपी असंच बोलतात, त्यात रोमिओचा दोष नाही, माणसाची जातच ती. पण समन्स नशिबावर बजावता येत नाही, तेव्हा तू ते सोड.

खरा योगायोग म्हणावा असा नाटकात एक आहे आणि तो मला फार आवडतो. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट पाहुण्यांची यादी नोकराच्या हातात देतो, जा बोलावून ये, आणि त्या नोकराला वाचता येत नाही. तो रस्त्यात भेटलेल्या पहिल्या शिकल्यासवरल्या माणसाला म्हणतो जरा वाचून द्या की, आणि तो निघतो रोमिओ. आमच्या कोर्टाच्या आवारात हे रोज दिसतं बघ. खानापूर तालुक्यातल्या कुठल्यातरी गावचा म्हातारा, हातात कानडीतली नोटीस, मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेला, कानडी अक्षर लागत नाही, आणि जो पँट-शर्टवाला दिसेल त्याच्यापुढं कागद धरतो, साहेब काय लिहिलंय हो यात. तो कुणाचा माणूस, समोरच्या पार्टीचाच आहे का, काही बघत नाही. त्या नोकराला कुणी आरोपी करणार नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात यादी देणारा मालक निष्काळजी, पण त्याचा मृत्यूशी संबंध लावायला गेलीस तर कोर्ट हसेल.

आता सरांचं मत, दोन्ही घराणी. भाषण म्हणून छान आहे. पण भांडण कशावरनं लागलं तेच नाटकात सांगितलेलं नाही, नुसतं जुनं वैर एवढंच. आमच्याकडे भाऊबंदांत बांधाची भांडणं असतात, आज्जा-पणज्याच्या वेळी कुणी हातभर बांध कोरला त्यावरनं तिसरी पिढी एकमेकांच्या लग्नाला जात नाही, आणि मूळ काय विचारलंस तर दोघं दोन गोष्टी सांगतात. अशा वैरानं वातावरण तापतं हे कबूल. पण 'घराणं' हे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहू शकत नाही, माणूस उभा राहतो. सगळे दोषी म्हणालं की कुणीच आत जात नाही. वेरोनाचा, म्हणजे नाटक घडतं त्या शहराचा, प्रिन्स शेवटी तेच करतो, सगळ्यांनाच शिक्षा झाली म्हणतो, मग काहींना माफी काहींना शिक्षा म्हणतो, आणि नाटक संपतं. कुणाला काय ते सांगतच नाही.

तुझी पहिली स्टेप ही ठेव, 'मृत्यू' हा शब्द एकवचनात वापरू नको. नाटकात सहा माणसं मरतात: रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, टिबाल्ट, रोमिओची आई, ज्युलिएटशी लग्न करायला निघालेला पॅरिस, रोमिओ, ज्युलिएट. सहा मृत्यू म्हणजे सहा फाइली, प्रत्येकीत कारण वेगळं, आरोपी वेगळा. कॉलेजातल्या चर्चा फसतात त्या इथंच, सगळे मृत्यू एका पोत्यात घालतात आणि मग पोतं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं म्हणून भांडत बसतात.

मर्क्युशिओची फाइल सोपी. टिबाल्टला रोमिओशी भांडायचं होतं, रोमिओ नको म्हणाला, तेव्हा मर्क्युशिओनं आपणहून तलवार काढली, हे लक्षात ठेव, कारण सगळे त्याला बिचारा करून टाकतात. त्यामुळं टिबाल्टचा वकील म्हणणार अचानक झालेली मारामारी, ठरवून केलेला खून नाही, शिक्षा कमी करा. पण त्या सवलतीला एक अट आहे, आरोपीनं गैरफायदा घेतलेला नसावा. रोमिओ सोडवायला मध्ये पडला आणि टिबाल्टनं त्याच्या हाताखालनं वार घातला आणि पळाला. मध्ये पडलेल्या माणसाची आड घेऊन भोसकणं हा गैरफायदा नाही तर काय? माझ्या मते टिबाल्टला सवलत नाही. बरं तो मेलाय, त्यामुळं ती फाइल बंद.

टिबाल्टच्या फाइलीत आरोपी रोमिओ. इथं कायदा जरा त्याच्या बाजूनं आहे. गंभीर आणि अचानक चिथावणी मिळून ताबा सुटला तर तो खून राहत नाही, सदोष मनुष्यवध होतो, जुन्या आयपीसीच्या कलम ३०० चा पहिला अपवाद, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसच्या, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या १०१ मध्ये आहे तोच. नानावटीचा खटला तुझ्या आईबाबांना विचार, त्यांना नक्की माहीत असणार. २७ एप्रिल १९५९ ला बायकोनं आहुजाशी संबंध असल्याची कबुली दिल्यावर नौदलातला अधिकारी नानावटी बाहेर पडला, बोटीवर जाऊन पिस्तूल घेतलं आणि मग आहुजाच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. १९६१ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की मधे तीन तास गेले, डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा, अपवाद लागत नाही. रोमिओच्या बाबतीत मर्क्युशिओ मेल्याची बातमी आली आणि लगेच टिबाल्ट परत समोर उभा. तीन तास सोड, तीन मिनिटं पण नाहीत. शिवाय रोमिओ अल्पवयीन असू शकतो, नाटकात त्याचं वय दिलेलंच नाही, म्हणजे आमच्याकडे आधी वयाचा दाखला शोधावा लागला असता. प्रिन्सनं फाशी न देता हद्दपार केलं, एवढ्यापुरता निकाल मला पटतो.

रोमिओच्या आईची फाइल उघडायचीच नाही. मुलगा हद्दपार झाला त्या दुःखानं गेली, नाटकात एका वाक्यात येतं. पहिल्या मारामारीत नवऱ्याचा हात धरून एक पाऊल पुढं टाकायचं नाही म्हणणारी बाई, आणि तिच्या वाट्याला एक वाक्य.

पॅरिस मात्र. पॅरिसला सगळे विसरतात, तू विसरू नको, ज्युरीला हलवायचं तर इथं हलव. होणारी बायको मेली म्हणून रात्री फुलं घेऊन थडग्यापाशी आलेला माणूस, तिथं हद्दपार केलेला आरोपी पहार घेऊन कबर उघडताना दिसतो, त्याला वाटतं हा आता प्रेताची विटंबना करणार, म्हणून पकडायला जातो. रोमिओ त्याला जा म्हणून विनवतो हे खरं, पण मारतोच. मर्क्युशिओच्या वेळी होती तशी चिथावणी इथं नाही. सहा फाइलींत रोमिओवर सगळ्यात जड खुनाचा आरोप हाच, आणि प्रेमकथेच्या नादात लोकांना तो दिसतच नाही. आणि एक गोष्ट नोंद करून ठेव: मारामारी बघून पॅरिसचा पोऱ्या पहारेकऱ्यांना बोलवायला धावतो. ते पहारेकरी पुढं फार महत्त्वाचे आहेत.

राहिले दोघं. इथं 'कुणामुळं' असं विचारलंस की दहा नावं येतात, म्हणून मी दोनच प्रश्न विचारतो: त्याला काय माहीत होतं, आणि त्याच्या हातात काय होतं. दोन्हींचं उत्तर जड असेल तोच आरोपी. नुसतं माहीत असून हात बांधलेले असतील तर तो साक्षीदार, आणि हातात सत्ता असून माहितीच नसेल तर तो फार तर मूर्ख.

प्रिन्स घे. वैर माहीत, सत्ता पूर्ण. शहरात तीनदा मारामाऱ्या झालेल्या असतात, आणि हा म्हणतो परत केलंत तर जीव घेईन. एवढी मोठी धमकी कुणी पाळत नाही, त्यानं स्वतः पण पाळली नाही. आमच्याकडे गणपती आले, निवडणूक आली की गावागावांत जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, १०७ च्या नोटिसा निघतात, आता ते नव्या बीएनएसएसचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं १२६ झालं, पण सगळे १०७ च म्हणतात. तालुक्याच्या ठिकाणी तहसीलदारापुढं दोन्ही पार्ट्यांना उभं करायचं, शांतता ठेवतो म्हणून बॉन्ड लिहून घ्यायचा, मोडला तर पैसे भरा. कंटाळवाणं काम, हेलपाटे पडतात, पण त्यानं किती डोकी फुटायची राहतात ते मी बघितलंय. प्रिन्सनं भाषण केलं, दोन्ही म्हाताऱ्यांना वेगवेगळं बोलावून घेतलं, आणि धमकीवर भागवलं. शेवटी तो स्वतःच कबूल करतो की मी डोळेझाक केली आणि माझे दोन नातेवाईक गेले. म्हणजे मर्क्युशिओ आणि पॅरिस दोघं त्याचे नातलग, आणि न्यायाधीश तोच! तुझ्या मॉक कोर्टात प्रिन्सला जज्ज करणार असतील तर पहिला अर्ज तोच टाक, दुसरा जज्ज द्या म्हणून. तरीपण मर्क्युशिओ-टिबाल्टपर्यंतच त्याची जबाबदारी जवळची, पुढं पातळ होत जाते.

कॅप्युलेटवर पोरांचा राग असतो आणि तो बरोबरच आहे. सुरुवातीला हाच बाप पॅरिसला म्हणतो पोरगी लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, तिचं मन वळव, तिची मर्जी असेल तरच माझी. तिला चौदा पुरी नाहीत. आणि टिबाल्ट गेल्यावर एका रात्रीत तोच माणूस गुरुवारी लग्न ठरवून मोकळा, आणि पोरगी नाही म्हणाली तर घरातनं हाकलतो, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर. इथं तू म्हणशील आत्महत्येला प्रवृत्त केलं, आणि मूल अठराच्या खालचं म्हणून बीएनएस १०७, जुनं ३०५, फाशीपर्यंत शिक्षा. सांभाळ. सुप्रीम कोर्टाचा २००२ चा संजू विरुद्ध मध्य प्रदेश सरकार हा निकाल समोरचा काढणार. त्यात भांडणात 'जा मर' म्हटलं होतं आणि दोन दिवसांनी त्या माणसानं जीव दिला, तरी कोर्ट म्हणालं रागात तोंडातनं निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, मनात तसा हेतू लागतो. कॅप्युलेटला पोरगी मरावी असं वाटत नव्हतं, तिचं आधीच लग्न झालंय हेही माहीत नव्हतं. मात्र एक गोष्ट त्याच्या नावावर पक्की लाव. ज्युलिएट खोटं खोटं हो म्हणाल्यावर खुशीच्या भरात त्यानं लग्न गुरुवारचं बुधवारवर आणलं. त्यामुळं औषध एक रात्र आधी घ्यावं लागलं, अंत्यविधी एक दिवस आधी झाला, आणि बातमी चिठ्ठीच्या पुढं धावली.

ज्युलिएटच्या आईबद्दल एकच ओळ, ती रोमिओ हद्दपार होऊन गेला त्या मंटुआला माणूस पाठवून रोमिओला विष घालायचं बोलते, लोकांच्या नजरेतनं हे सुटतं. आणि ज्युलिएटला लहानपणापासून सांभाळणारी ती दाई, जिला लग्नाचं सगळं माहीत होतं, जी निरोप घेऊन धावली, ती ऐन वेळी म्हणते जाऊ दे तो रोमिओ, पॅरिस बराय, त्याच्याशी कर. कायद्यात बसत नाही पण माझ्या मनातनं ती उतरली ती उतरलीच. त्या क्षणानंतर त्या पोरीला घरात एक माणूस राहिला नाही.

रोमिओची फाइल. कलमानं बघितलं तर इथं सगळ्यात आधी अडकतो तो मंटुआचा औषधवाला, आणि ते मला आवडत नाही पण खरं आहे. रोमिओ त्याला स्पष्ट सांगतो की जगण्याला कंटाळलेल्या माणसासाठी पाहिजे. म्हणजे कशाला पाहिजे ते त्याला माहीत. मंटुआत असलं विष विकणाऱ्याला मृत्यूदंड, तेही त्याला माहीत. चाळीस डुकाट घेऊन देतो, आणि म्हणतो माझी गरिबी हो म्हणतेय, मी नाही. शेक्सपिअरनं ही गोष्ट ज्याच्यावरनं घेतली त्या आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या काव्यात शेवटी शिक्षा काय झाल्या बघ: औषधवाल्याला फाशी, दाईला हद्दपारी, आणि फ्रायर सुटला, तो आपल्या मर्जीनं आश्रमात जाऊन राहिला. गरीब लटकला आणि चांगला म्हणून ओळखला जाणारा सुटला, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. तू औषधवाल्याला आरोपी नंबर दोन कर, पण शिक्षेच्या वेळी त्याच्यासाठी दोन शब्द बोल. रोमिओची स्वतःची जबाबदारी पण मांड. निरोप घेऊन आलेल्या नोकराला तो विचारतो फ्रायरची चिठ्ठी आहे का, थोड्या वेळानं परत विचारतो, नाही म्हटल्यावर म्हणतो असू दे. एक दिवस थांबला असता तर? थडग्यात ती समोर पडलीय, ओठ लाल, गाल लाल, तो स्वतः तसं बोलतो, आणि तरी त्याच्या डोक्यात येत नाही.

आता फ्रायर.

चिठ्ठीचा मुद्दा आधी निकालात काढतो. फ्रायर जॉन चिठ्ठी घेऊन निघाला, सोबतीला म्हणून आजाऱ्यांना भेटायला गेलेल्या दुसऱ्या एका साधूला गाठायला गेला, आणि त्या घरात साथीचा रोग असल्याच्या संशयानं अधिकाऱ्यांनी दाराला सील ठोकलं. दोघं आत. २०२० ला आपल्या गल्ल्या पत्रे लावून बंद केल्या होत्या ते आठव, आत अडकलेल्या माणसाला चिठ्ठी पोचवली नाहीस म्हणून आरोपी करशील का? नाही. म्हणून म्हणालो, 'चिठ्ठी पोचली नाही' एवढंच म्हणालीस की हरलीस.

पण तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश उघड. रोमिओ हद्दपार होऊन निघायचाय, तेव्हा फ्रायर त्याला शब्द देतो की तुझ्या नोकराला गाठीन, इथं काय काय बरं घडतंय ते तोच तुला वेळोवेळी येऊन सांगेल. तो नोकर म्हणजे बाल्थझार. रोमिओचा विश्वासू, घोडा मिळवून तडक मंटुआ गाठणारा, आणि पुढं खरोखर तोच गेला, बातमी घेऊन गेला, फक्त चुकीची. फ्रायरनं ठरलेली सोय वापरली नाही, बाल्थझारला एक शब्द सांगितला नाही, त्याऐवजी दुसऱ्या साधूला पाठवलं. बाल्थझारनं ज्युलिएटला थडग्यात ठेवताना डोळ्यांनी बघितलं आणि मालकाकडे धावला. उलटतपासात फ्रायर पिंजऱ्यात उभा राहिला की हा प्रश्न विचार, तुम्ही रोमिओला कुणाच्या हातनं निरोप पाठवायचं कबूल केलं होतंत? तो 'बाल्थझार' म्हणाला की गप्प उभी रहा, लगेच दुसरा प्रश्न टाकू नको, कोर्टाला ऐकू दे.

तरी हे पण माझं मुख्य कारण नाही. मुख्य कारण त्याच प्रवेशात आहे आणि चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात आहे. तिसऱ्या अंकात रोमिओ फ्रायरच्या खोलीत रडत पडलाय आणि स्वतःला भोसकून घ्यायला हत्यार काढतो, फ्रायर त्याला थांबवतो, झापतो. चौथ्या अंकात त्याच खोलीत ज्युलिएट सुरी दाखवून म्हणते तुमच्याकडे उपाय नसेल तर ही आहे. म्हणजे दोघांनी, एकामागोमाग, त्याच्या डोळ्यांदेखत जीव द्यायची तयारी दाखवली. वेरोनात हे दोन्ही माहीत असलेला दुसरा माणूसच नाही. बापाला माहीत नाही, आईला माहीत नाही. दाईनं रोमिओचं बघितलं, पण सुरी हातात घेतलेली ज्युलिएट फक्त फ्रायरनं बघितली.

आणि मग शेवटचा प्रवेश, हा सावकाश वाच. फ्रायर थडग्यापाशी येतो, बाहेर बाल्थझार सांगतो मालक अर्धा तास झाला आत आहे. आत रक्त, तलवारी, रोमिओ मेलेला, पॅरिस मेलेला. ज्युलिएट जागी होते आणि विचारते माझा नवरा कुठाय. तो सांगतो इथंच मरून पडलाय, चल, तुला नन्सच्या मठात ठेवतो. बाहेर आवाज येतो, पॅरिसच्या पोऱ्यानं बोलावलेले पहारेकरी. फ्रायर म्हणतो मला आता इथं थांबायचं धाडस नाही. ती म्हणते तुम्ही जा, मी येत नाही. आणि तो जातो! चौदा वर्षंही पुरी न झालेली पोर, चाळीस-बेचाळीस तासांच्या गुंगीतनं आत्ता उठलेली, शेजारी नवऱ्याचं प्रेत आणि त्याच्या कमरेला कट्यार, आणि जो एकटा जाणतो की ही सुरी घेऊन माझ्याकडे आली होती, तो पहारेकऱ्यांच्या आवाजाला घाबरून बाहेर पडतो. पुढं प्रिन्ससमोर त्याची स्वतःची जबानी काय? आवाजानं मी घाबरलो, आणि ती फार हताश होती, माझ्याबरोबर आली नाही. फार हताश होती, असं तोच म्हणतो. म्हणजे दिसलं होतं त्याला.

आमच्या खुनाच्या खटल्यांत पोलीस आधी शोधतात मयताला जिवंत शेवटचं कुणाबरोबर बघितलं. ज्युलिएटच्या फाइलीत त्याचं उत्तर एकच आहे. आणि पहारेकरी त्याला पकडतात तेव्हा तो स्मशानाच्या वाटेवर कुदळ-फावडं घेऊन थरथरत रडत चाललेला असतो.

हेतू चांगला होता म्हणतील. होता. लग्न लावलंच मुळी घराण्यांचं वैर मिटावं म्हणून. पण ते वैर मिटवायला त्यानं तेरा वर्षांच्या पोरीचा वापर केला असंही म्हणता येतं, आणि तू ते म्हण. आपल्या राज्यात तर २०१६ च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातच रद्द धरतात, आणि लग्न लावणाऱ्याला २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. हा चार्ज सगळ्यात सोपा, तो आधी लाव, साक्षीदार पण आहेत, त्यानं स्वतः कबूल केलंय.

मृत्यूसाठी मात्र १०८ किंवा १०७, म्हणजे आत्महत्येला प्रवृत्त केल्याची कलमं, लावू नको, हेतू सिद्ध होणार नाही. बीएनएस १०६ लाव, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. बचावाचा वकील तयारीचा असेल तर कुरबान हुसेनचा निकाल काढेल, एआयआर या निकालांच्या संग्रहात १९६५ मध्ये आहे. मुंबईत रंगाच्या कारखान्याला आग लागून कामगार गेले, चालवणाऱ्यानं लायसन्सच्या अटी मोडलेल्या होत्या, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की मृत्यूचं थेट कारण एका कामगारानं टर्पेंटाइन घाईनं ओतणं हे होतं, मालकाचा निष्काळजीपणा नुसता लांबून कारणीभूत असून चालत नाही, जवळचा लागतो. तो म्हणणार ज्युलिएटनं स्वतः कट्यार उचलली, फ्रायरचा संबंध तुटला. सांगून ठेवतो, खऱ्या कोर्टात हा बचाव बऱ्यापैकी चालतो, मी त्याच्या बाजूनं असतो तर मीही हाच घेतला असता, आणि जज्जाच्या मूडवर १०६ सुटू पण शकतं. तुझं उत्तर एवढंच की त्या कारखान्यात कामगार काय करणार हे मालकाला आधी दिसलेलं नव्हतं, इथं दिसलेलं होतं, त्याच्या खोलीत, त्याच्या तोंडासमोर, सुरीसकट. औषध देऊन तिला त्या अवस्थेत नेलं त्यानंच, म्हणजे उठवून सुरक्षित बाहेर काढायची जबाबदारी पण त्याचीच, ती त्यानं स्वतःहून अंगावर घेतली होती.

साक्षीदारांचा क्रम असा ठेव, आधी बाल्थझार, मग पहारेकरी, मग फ्रायर जॉन, तो तुझ्या विरोधात जाईल असं वाटतं पण तुझ्याच बाजूचा निघतो, कारण साथीमुळं चिठ्ठी परत पाठवायला पण माणूस मिळाला नाही हे तो सांगतो, आणि मग बचावाला फक्त प्लेगवर ढकलून सुटता येत नाही, तुला विचारता येतं की चिठ्ठी परत आल्याचं कळल्यावर लॉरेन्सनं बाल्थझारला का नाही शोधलं. दाईला बोलवू नको, ती बोलत सुटते आणि मधेच फिरते. आणि चौथ्या अंकातला पहिला प्रवेश, सुरीचं पान, झेरॉक्स काढून तीन कॉप्या हातात ठेव, एक जज्जाला, एक समोरच्याला, एक तुला, तिथं पुस्तक चाळत बसू नको.